अडतीस श्वास

सोमवारी उन्हं डोंगरामागं उतरली तेव्हा बुधाबाई घोडे उपकेंद्रातून उंबरखोऱ्याकडे पायी येत होती. वाऱ्याला धार होती. गुडघे सकाळपासून बोलत होते. घर दोन शेतं राहिलं असताना पिशवीतल्या फोनने लागोपाठ तीन घंटा दिल्या. तीन घंटा म्हणजे श्वास. तिने फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि एकेक शब्द लावून वाचलं: विराज सचिन भोजने, वय आठ महिने, श्वास मिनिटाला बासष्ट.

दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या लेकराचा श्वास पन्नासावर गेला, की आशाताईने हातातलं काम टाकून त्या घरी जायचं. ती मागं वळली आणि भोजन्यांच्या दारात धापा टाकत पोचली.

"काय झालं मावशी? पळत आलात?" विराजची आई पल्लवी भाकरी थापता थापता म्हणाली.

"तुझ्या पोराला धाप लागलीय म्हणं."

"याला? माझा फोन बंद पडलाय. यानं आत्ता वाटीभर नागलीची पेज खाल्ली आणि तीच वाटी माझ्या डोक्यात घातली. धाप मला लागलीय."

विराज चुलीपासून लांब, गोधडीवर बसून वाटी जमिनीवर आपटत होता. गाल फुगलेले, नाक कोरडं. बुधाबाईला बघून तो दोन दात दाखवून हसला. अंगात दोन झबली, त्यावर स्वेटर, डोक्याला कुंची.

बुधाबाई त्याच्यापुढं बसली. आता झबलं वर करायचं, पोटावर नजर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती.

"मावशी, आत्ताच गुंडाळलाय त्याला," पल्लवी म्हणाली. "उघडा केला की पुन्हा अर्धा तास रडंल."

"राहू दे मग. हसतंय की चांगलं."

फोनवर चौकट उघडली होती. पूर्ण मिनिट मोजलेला श्वास किती? खेळणारं, खाणारं, आठ महिन्यांचं पोर. असली हजार पोरं तिने मोजली होती. तिने चौकटीत लिहिलं: ३८. खाली 'खोटी सूचना' असं बटण होतं, ते दाबलं. मग पल्लवीने दिलेला गूळ तोंडात टाकून ती घरी गेली.

*

बुधाबाई आशा झाली तेव्हा तिला सहीसुद्धा येत नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवर शिकलेली बाई मिळेना, म्हणून सुईणीच्या हाताखाली वाढलेल्या हिला घेतलं. पहिली दोन वर्षं तिची वही शाळेतल्या मास्तरांची बायको भरून द्यायची. चौतिसाव्या वर्षी ती थोरल्या लेकीच्या पाटीवर शिकली. आधी आकडे आले, मग अक्षरं. आकडे आधी आले कारण त्यांची तिला गरज होती. पोराचा श्वास मोजायचा आणि तो आपल्या हाताने लिहायचा. मास्तरीणबाईंच्या हातून लिहिला तर तो आपला वाटत नसे.

या भागात पोरं तापाने कमी जायची, डब्याने जास्त. छातीत कफ भरतो, पोट उडायला लागतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो, आणि हिवाळ्याच्या एका सकाळी पोर हाताला गार लागतं. डबा म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत न्यूमोनिया. तो ओळखायला महागडं काही लागत नाही. श्वास मोजायचा. पण आई दिवसातून दहा वेळा मोजत बसू शकत नाही, आणि आशा एकच असते.

म्हणून चार वर्षांपूर्वी श्वासदोरा आला. दिसायला तो लेकराच्या कमरेला बांधतात तसा काळा करदोडाच. मुद्दाम तसाच केला होता, म्हणजे आया तो काढून ठेवणार नाहीत. लोक त्याला सरकारी करदोडाच म्हणत. दोऱ्याच्या आत केसाएवढी एक तार होती. पोट फुगलं की ती ताणली जायची, ताणली की तिच्यातून वीज कमी वाहायची, सैल पडली की जास्त. त्यावरून दोऱ्यातला काळा मणी श्वास मोजायचा. त्याला बॅटरी नव्हती, अंगाच्या उबेवर तो चालायचा. आकडा अंगणवाडीच्या भिंतीवरच्या डबीला कळायचा, डबीतून आईच्या आणि आशाच्या फोनला. सगळं ठीक असलं की आईच्या फोनवर हिरवा ठिपका.

एकच अडचण होती. पोर हसलं, रांगलं, कडेवर उड्या मारायला लागलं, की पोट तसंही हलतं. दोऱ्याला धाप आणि खेळ यातला फरक शिकवावा लागतो, आणि तो शिकवणार माणूसच. दोरा एक आकडा सांगतो, आशा डोळ्यांनी मोजून दुसरा लिहिते. दोन्ही जुळले नाहीत, तर दोऱ्याने आशाचा आकडा खरा धरायचा आणि स्वतःला सुधारून घ्यायचं. बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून ठरवलं होतं. यंत्रापेक्षा बाईचा डोळा वरचा. बुधाबाईला प्रशिक्षणात हे सांगितलं गेलं तेव्हा तिने पदर सावरून ताठ बसून ऐकलं होतं.

*

मंगळवारी सकाळी ती परातीत पीठ मळत होती. पुन्हा तीन घंटा. विराज भोजने, चौसष्ट.

"मेलं हे डबडं," ती स्वतःशीच म्हणाली. काल संध्याकाळी पोर बघितलं होतं. हात पिठाचे. भोजन्यांचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला, चढावर. तिने करंगळीने फोन उघडला आणि घरबसल्या लिहिलं: ३८. खोटी सूचना.

दुपारी पुन्हा. सहासष्ट. या वेळी ती लिहिता लिहिता थांबली. तिन्ही वेळा अडतीसच लिहिलं तर कुणाला वाटेल, बाईने मनाने लिहिलं. म्हणून तिने लिहिलं: ४०.

पुढं कितीतरी दिवस तिला त्या चाळिसाची जास्त लाज वाटत राहिली. अडतीस आळसाने लिहिले गेले होते. चाळीस विचार करून लिहिले होते.

बुधवारी फोन गप्प राहिला. यंत्राला अक्कल आली, असं तिला वाटलं.

*

गुरुवारी लसीकरणाचा निरोप द्यायला ती वाड्यांवर निघाली. तिसरं घर मंदाबाई आसवल्यांचं. त्यांची सून समीक्षा तीन महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती. मुलगी, मुक्ता. जन्मताच दोन किलोला कमी. बुधाबाईचा जीव या पोरीत अडकलेला असायचा. रोज सकाळी ती आधी मुक्ताचा ठिपका बघायची. या आठवड्यात तो सारखा हिरवा होता. श्वास पस्तीस, छत्तीस. पोरीने बाळसं धरलं म्हणून तिने देवापुढं साखरसुद्धा ठेवली होती.

समीक्षा अंगणात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

"दूध घेत नाही ओ मावशी दोन दिवस. पण फोन हिरवा आहे, म्हणून म्हटलं सर्दी असेल."

बुधाबाईने पोरीकडं बघितलं आणि हातातली पिशवी खाली टाकली. नाकपुड्या फाकत होत्या. ओठाभोवती जांभळट रेघ. तिने झबलं वर केलं. बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता. तिने मोजलं. चौऱ्याहत्तर. फोनवर मुक्ताच्या नावापुढं छत्तीस.

मग तिने मणी उलटा करून बघितला. प्रत्येक मण्यावर चार आकडे कोरलेले असत, आणि सगळे दोरे तिनेच बांधले होते. हा मणी विराजचा होता.

"हा करदोडा कुणी बांधला?"

समीक्षा सासूकडं बघायला लागली. मंदाबाई दारातूनच म्हणाली, "मीच बांधला. पोरगी किडमिडी. धडधाकट लेकराचं उतरलेलं घातलं की अंग धरतं. झबलं आणलं, करदोडा आणला. पल्लवी म्हणली, पोराची कंबर मोकळी नको, म्हणून हिचा त्याला दिला. रविवारी. असलं बोलायचं नसतं, न्हाई तर गुण जातो."

बुधाबाईच्या स्वतःच्या तिन्ही लेकरांच्या अंगावर पहिलं झबलं दुसऱ्याच्या धडधाकट पोराचंच होतं. वाडीतल्या निम्म्या बाळांसाठी असली झबली तिनेच या घरातून त्या घरात नेली होती.

झबलं आणि दोरा यात फरक असतो, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारची बासष्ट मुक्ताची होती. चौसष्ट, सहासष्टही तिचीच. विराजचं झबलं वर केलं असतं तर मणी दिसला असता.

गाडी येईपर्यंत तिने पोरीला उभं धरून पाठीला हात देऊन ठेवलं. गाडीत समीक्षा तिचा दंड घट्ट धरून बसली होती. "मावशी, तुम्ही आज आला नसतात तर?" ती तालुक्याला पोचेपर्यंत चार वेळा म्हणाली.

*

शनिवारी दुपारी बुधाबाई दवाखान्यात गेली. मुक्ता नळीतून श्वास घेत होती, पण ओठ गुलाबी झाले होते. बाहेरच्या बाकावर मंदाबाई सुनेपासून हातभर लांब बसली होती. घरात काय ठरलं होतं ते दिसतच होतं. पोरीची आई असून तुला कळलं नाही, असं नवरा म्हणाला होता, सासरा म्हणाला होता, आणि जिने करदोडा बदलला तीही म्हणत होती. समीक्षा उठली आणि वाकून बुधाबाईच्या पाया पडली.

"उठ गं. असं करू नको."

"तुमच्यामुळं वाचली."

तेवढ्यात डॉक्टर तांबोळी बाहेर आल्या. नाझनीन तांबोळी तालुक्याच्या बालरोगांच्या डॉक्टर, श्वासदोऱ्याचं कामही त्याच बघत. त्या बुधाबाईला आपल्या खोलीत घेऊन गेल्या आणि स्वतःच्या डब्यातला पराठा अर्धा करून तिच्यापुढं ठेवला.

"दोन दिवस आधी आली असती तर घरी औषध देऊन भागलं असतं," त्या म्हणाल्या. "आता डावं फुफ्फुस काही महिने जपावं लागेल. पण जगेल. बुधाताई, अहवालात मी लिहितेय, कुटुंबाने दोरा बदलला आणि आशाताईंनी प्रसंगावधान राखलं. घरच्यांना समज द्यावी लागेल. पुढे दोऱ्याला न उघडणारी गाठच करू."

बुधाबाईने पराठ्याचा एक तुकडा मोडला.

"एक गंमत सांगू? तुमच्यापासून लपवून ठेवलेली नाही, पण कुणी सांगितलीही नसेल. तालुक्यात एकशे सत्तर आशा आहेत. त्यांतल्या नऊ जणींचे आकडे आम्ही साक्षीदार म्हणून धरतो. चार वर्षांत ज्यांची मोजणी कधी चुकली नाही, त्या नऊ. तुम्ही पहिल्या. तुमचा आकडा फक्त एका दोऱ्याला शिकवत नाही. रात्री सगळ्या दोऱ्यांचा धडा एकत्र होतो आणि सकाळी तो तालुक्यातल्या अकराशे चाळीस पोरांच्या दोऱ्यांत जातो. या आठवड्यात बघा." त्यांनी पडद्यावरची उतरती रेघ दाखवली. "खोट्या सूचना निम्म्यावर आल्या. अगदी बुधवारपासून."

"बुधवारपासून?"

"हो. साठीच्या पुढचे आकडे मुळात कमी येतात. त्यामुळे साक्षीदाराने एक-दोनदा जरी सांगितलं की ही धाप नव्हे, खेळ आहे, तरी दोरे लगेच शिकतात."

बुधाबाईला सगळं समजलं होतं. शाळा न शिकलेल्या माणसालाही समजावं इतकं ते सोपं होतं. आजारी मुक्ताचा श्वास ऐकून दोरा ओरडत होता, आणि तिने त्याला तीनदा सांगितलं, गप्प बस, पोर खेळतंय. आता अकराशे चाळीस दोरे त्या बोलण्यावर विश्वास ठेवून गप्प बसले होते.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

"तुम्ही पहिल्या," असं ऐकल्याला अजून दोन मिनिटंही झाली नव्हती. बाहेर समीक्षा तिच्या पाया पडली होती. सहा महिन्यांनी तिला सेवेतून मोकळं व्हायचं होतं.

"पाणी मिळंल का?" असं ती म्हणाली.

*

रविवारी ती पहाटे उठली आणि उंबरखोऱ्यातल्या घरांना निघाली. तिच्याकडं तेवीस लेकरं होती. एकेक झबलं वर करून तिने मोजलं, पूर्ण मिनिट. एकतीस, बेचाळीस, छत्तीस. जे उचकी देत होतं त्याचं दोनदा मोजलं. पल्लवीच्या घरी विराजचंही मोजलं. तेहतीस. पल्लवी काही विचारायच्या आत बुधाबाई पुढच्या घराकडं निघाली.

संध्याकाळी तेवीस पूर्ण झाली. सगळी धड होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच शिसारी आली. तेवीस म्हणजे आपल्या अंगणातली झाडलोट. खाली नदीकाठची गावं, घाटापलीकडचे पाडे, तिथं अकराशे सतरा लेकरं निजली होती, आणि त्यांच्या आया हिरवा ठिपका बघून निवांत होत्या. दिवसभर ती मोजत नव्हती, लपत होती.

सोमवारी पहिल्या गाडीने ती तालुक्याला गेली. डॉक्टर तांबोळी दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या. बुधाबाईने त्यांना तिथंच अडवलं आणि सांगितलं. झबलं वर केलं नव्हतं हे सांगितलं. दोनदा घरून लिहिलं हे सांगितलं. चाळीस का लिहिले, तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

तांबोळींनी ऐकलं. रागावल्या नाहीत. पायरीवरच उभं राहून फोन लावला आणि दोऱ्यांचा गेल्या सोमवारपासूनचा धडा पुसायला सांगितलं. मग प्रत्येक आशाला निरोप गेला: दोऱ्यावर विश्वास ठेवू नका, आज आणि उद्या मिळून प्रत्येक लेकरू डोळ्यांनी मोजा.

सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "बुधाताई, हे शनिवारी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली मॅडम."

तांबोळींनी मान हलवली. "तुमचं साक्षीदारपण काढावं लागेल."

"काढा."

मग ती समीक्षाकडं गेली. मुक्ता आईच्या मांडीवर होती, नळी निघाली होती. मंदाबाई पलीकडं बसून मोसंबं सोलत होती. बुधाबाई उभ्यानेच बोलली, दोघींना ऐकू जाईल असं. तुझी चूक नाही, सासूचीही पुरती नाही. घंटा माझ्या फोनवर वाजली होती. तीनदा.

समीक्षाने पोरीच्या केसांतून बोटं फिरवली.

"घरच्यांपुढं बोलाल हे?" तिने विचारलं.

"बोलेन."

"आज बोला. चार दिवस झाले, मी बोलणी खातेय." आणि वर न बघता, "मी तुमच्या पाया पडले होते मावशी."

"व्हय."

"तेव्हा काहीच बोलला नाहीत."

मंदाबाईने मोसंब्याची फोड सुनेच्या हातात ठेवली. बुधाबाईला कुणी बस म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी आसवल्यांच्या घरी, समीक्षाचा नवरा आणि सासरा समोर असताना, ती हे सगळं पुन्हा बोलली. म्हातारा म्हणाला, "तुला आम्ही देवीसारखी मानत होतो."

*

मंगळवारी रात्रीपर्यंत अकराशे चाळीस लेकरं मोजून झाली. दोघांचा डबा उडालेला सापडला, दोन्ही ठिकाणी ठिपका हिरवा. एक नदीकाठची मुलगी. तिला औषध मिळालं आणि ती घरीच बरी झाली. दुसरा घाटापलीकडच्या जांभूळपाड्याचा पाच महिन्यांचा मुलगा. तो सोमवारी संध्याकाळी सापडला. तिथून तालुका, तालुक्याहून मोठा दवाखाना. शुक्रवारी त्याचा मामा त्याला दुपट्यात गुंडाळून परत घेऊन आला.

तांबोळींनी स्वतः फोन करून सांगितलं. "त्याला शनिवारी रात्री सुरू झालं होतं. रविवारी सकाळी कुणी मोजलं असतं तर कदाचित. मी कदाचित म्हणतेय, बुधाताई. अहवाल यंत्राचा दोष म्हणून जाईल. ते खोटंही नाही. एका आशाच्या तीन आकड्यांवर अकराशे पोरं टांगून ठेवली, ही आमची चूक. तुमचं नाव कुठं येणार नाही. त्या घरी कुणाला काही सांगायची गरज नाही."

रविवारी सकाळी बुधाबाई आपल्या वाडीत उचकी देणाऱ्या लेकराचा श्वास दुसऱ्यांदा मोजत होती.

जांभूळपाड्याला गाडी जात नाही. घाटातल्या वळणावर उतरून दीड तास चालावं लागतं. आठवड्याने ती गेली. लेकीने विचारलं, कशाला जातेस? सरकारनेच नाही म्हटलंय ना? गुडघ्यांचं तरी बघ. बुधाबाई म्हणाली, "संध्याकाळी येते."

घर विचारावं लागलं नाही. अंगणात एक पाळणा उभा करून भिंतीला टेकवला होता. दारात विशीतली एक बाई तांदूळ निवडत होती. अंगात त्राण नसल्यासारखी बसलेली. तिचं नाव वैशाली, एवढं बुधाबाईला कळलं होतं.

"कुणाकडच्या तुम्ही?" वैशालीने विचारलं.

"उंबरखोऱ्याची. आशा हाय तिथली."

"अगं बाई. एवढ्या लांबून चालत आलात? आत या, बसा. चहा ठेवते."

"नको गं."

"असं कसं. उन्हातून आलात."

ती आत गेली. बुधाबाई चुलखणाशेजारच्या पोत्यावर बसली. वैशालीने गॅसवर भांडं ठेवलं, साखर घातली, आणि पाठमोरीच बोलायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला निवांत ऐकणारं कुणीतरी भेटलं होतं.

"आमच्या आशाताई रोज येतात. डॉक्टरीणबाई पण येऊन गेल्या. म्हणाल्या, मशीन चुकलं. पण आईला कळायला पाहिजे ना ओ? शनिवारी रात्री तो कण्हत होता. मी फोन बघितला. हिरवा होता. म्हटलं, झोपू दे. मीपण झोपले. निवांत झोपले." ती चहा ढवळत राहिली. "मशीनचं काय. चूक माझीच."

"न्हाई," बुधाबाई म्हणाली. "तुझी न्हाई."

"सगळे असंच म्हणतात. मग कुणाची?"

चहा उकळून वर आला होता. बुधाबाईने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"माझी," ती म्हणाली.

वैशाली वळली. तिने बुधाबाईकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग हात मागं नेऊन गॅस बंद केला. कप तसेच राहिले. ती येऊन समोर जमिनीवर बसली.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.